सिंहगडाची रात्र आणि पूर्वसाहित्याचा आढावा

पोलादपूरहून कापडे गावावरून पुढे जाणारा रस्ता उमरठला पोहोचतो. सुभेदार तानाजी मालुसरे यांचे हे गाव. त्यांची समाधी येथे आहे आणि जवळच शेलारमामांचीही दाखवली जाते. माघ वद्य नवमी जवळ आली की समाजमाध्यमांवर तानाजींवरील मजकुराचा पूर येतो. त्यातील बहुतेक लेखनात तीच वाक्ये, तीच घोरपड, तोच दोर आणि तोच सिंह फिरत असतो. या मजकुरातील कोणता तपशील कोठून आला, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

मित्रांनो, आजचा विषय तानाजींची शौर्यकथा पुन्हा सांगण्याचा नाही. ती तुम्हाला पाठ आहे. विषय आहे एका साध्या पण उपेक्षित लेखनप्रकाराचा. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहिताना पहिले प्रकरण लिहावे लागते ते ‘लिटरेचर रिव्ह्यू’चे, म्हणजे पूर्वसाहित्याच्या आढाव्याचे. आपल्या प्रश्नावर आजवर कोणी काय लिहिले, कशाच्या आधारावर लिहिले, कोठे एकमत आहे, कोठे मतभेद आहेत आणि कोणती जागा रिकामी आहे, हे त्यात थोडक्यात मांडायचे असते. इतिहासाच्या हौशी अभ्यासकानेही स्वतःचे एक वाक्य लिहिण्यापूर्वी असा पानभर आढावा लिहावा, असे माझे ठाम मत आहे. कसा लिहावा, ते सिंहगडाच्या त्या एका रात्रीच्या आधाराने पाहू.

आधी या प्रथेची थोडी पार्श्वभूमी. शास्त्रीय नियतकालिके युरोपात सुरू झाली ती १६६५ साली. त्या वर्षाच्या जानेवारीत पॅरिसमध्ये एक आणि मार्चमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या आश्रयाने दुसरे निघाले. त्याच वर्षी जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. कोंढाणा त्यांतलाच. म्हणजे आपल्या कथेचे बीज आणि शास्त्रीय लेखनाच्या आधुनिक शिस्तीचे बीज एकाच वर्षी पडले. पुढे लेख वाढत गेले तसे ते चाळून, निवडून मांडणाऱ्याची गरज भासू लागली. जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्याने १७५३ साली स्कर्व्ही रोगावर ग्रंथ लिहिला. लिंबा-संत्र्यांच्या प्रयोगासाठी तो प्रसिद्ध आहे. पण त्याच ग्रंथाचा एक मोठा भाग केवळ पूर्वीच्या लेखकांनी त्या रोगाविषयी काय लिहिले याच्या परीक्षणाला दिलेला आहे. आधीचा केरकचरा झाडल्याशिवाय नवे मांडता येत नाही, ही त्याची भूमिका होती. आपल्याकडे शास्त्रार्थात पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला उभे राहता येत नसे. तोही याच जातीचा संस्कार.

आता कामाला लागू. पहिली अडचण प्रश्नाची. ‘तानाजी मालुसरे’ हा प्रश्न नव्हे, ते नाव आहे. ‘सिंहगडाची लढाई’ हाही प्रश्न नव्हे, तो विषय आहे. विषयावर आढावा लिहायला बसलात तर तीनशे पाने वाचूनही हाती काही लागत नाही. प्रश्न असा हवा: फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा कसा घेतला गेला, याविषयी कोणता तपशील कोणत्या साधनात प्रथम आढळतो? असा प्रश्न विचारला की शोध आपोआप आटोपशीर होतो. जे साधन या प्रश्नाला उत्तर देत नाही, ते कितीही थोर असो, बाजूला ठेवता येते.

दुसरे काम साक्षीदारांना वयाने रांगेत उभे करण्याचे. लेखन केव्हा छापले गेले यापेक्षा ते केव्हा लिहिले गेले याला महत्त्व. येथेच नवखे अभ्यासक फसतात. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तेवढ्यावरून ती विसाव्या शतकातील पुस्तक ठरत नाही. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात जपलेली ती नोंदवही आहे. तिच्यातील नोंदी सतराव्या शतकातील घटनांच्या, तिथीवार आणि अतिशय कोरड्या. कोंढाणा घेतल्याची माघ वद्य नवमी, शके १५९१ ही तिथी आपण वापरतो ती या शकावलीच्या बळावर.

वयाने पुढचा साक्षीदार कृष्णाजी अनंत सभासद. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्याने जिंजी येथे बखर लिहिली, ती १६९० च्या दशकात. म्हणजे घटनेनंतर सुमारे पाव शतकाने. ज्यांच्या आज्ञेवरून ही बखर लिहिली गेली, त्या राजाराम महाराजांचे निधन पुढे १७०० साली सिंहगडावरच झाले आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. सभासद स्वतः शिवकालीन दरबारातला माणूस. त्याने सांगितलेला प्रसंग छोटा आहे. तानाजी हा मावळ्यांचा हजारी. त्याने पाचशे माणूस घेऊन रात्री गड गाठला. दोन मावळे वानरासारखे कडा चढून गेले आणि त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली. तीनशे माणूस वर चढले. तेवढ्यात किल्लेदार उदेभानाला खबर लागली. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर आली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली. दोघेही एकमेकांच्या हाताने पडले. मग भाऊ सूर्याजी याने लोक सावरले आणि गड घेतला. गडावरील पागेच्या खणांना आग लावून खूण दिली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला.

एवढेच. यात घोरपड नाही. रायबाचे लग्न नाही. जिजाऊंचा सोंगट्यांचा डाव नाही. उदेभानाला मारणारे ऐंशी वर्षांचे शेलारमामा नाहीत.

हे सारे येते पोवाड्यातून. तुलसीदास शाहिराचा तानाजीवरील पोवाडा पिढ्यान्‌पिढ्या गायला गेला. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली छापला, त्यात तो आला आणि तेथून पुस्तकी अभ्यासकांच्या हाती पडला. येथे थोडे थांबावे लागते. कारण आढावा लिहिणाऱ्याची खरी परीक्षा पोवाड्यापाशी होते. त्याला समकालीन पुरावा म्हणावे की काल्पनिक रचना म्हणून फेकून द्यावे? दोन्ही टोके आळसाची आहेत. गायला जाणारा मजकूर दर गायनात थोडा बदलतो. म्हणून आपल्या हातातील शब्दरूपाविषयी खात्रीने एवढेच म्हणता येते की ते एकोणिसाव्या शतकात असे होते. त्यातला एखादा धागा सतराव्या शतकापर्यंत जात असेलही, पण तो कोणता हे पोवाडा स्वतः सांगू शकत नाही. त्यासाठी दुसरा, स्वतंत्र साक्षीदार लागतो.

घोरपडीचेच उदाहरण घ्या. यशवंती घोरपड कड्यावर चिकटली आणि तिच्या कमरेच्या दोराने मावळे वर गेले, ही कथा पोवाड्यात आहे, सभासदात नाही. शिवाय याच धाटणीची आख्यायिका घोरपडे घराण्याच्या आडनावाविषयी सांगितली जाते आणि ती बहमनी काळातील, म्हणजे तानाजींच्या सुमारे दोनशे वर्षे आधीची. एकच चमत्कृती दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या वीरांच्या नावे आली की ती कथाकारांच्या भात्यातला बाण असण्याची शक्यता वाढते. घोरपड म्हणजे एका प्रकारचा दोर किंवा शिडी असावी, असा बचावही काही जण करतात. हा तर्क आकर्षक आहे. पण आढाव्यात तो तर्क म्हणूनच नोंदवावा, निष्कर्ष म्हणून नव्हे. माझ्या मते सभासदातले वानरासारखे चढणारे दोन अनाम मावळे घोरपडीहून अधिक रोमांचक आहेत. त्यांची नावेसुद्धा आपल्याला मिळालेली नाहीत, ही चुटपुट मनाला लागते.

पुढचा टप्पा १८२६. साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने त्या वर्षी मराठ्यांचा तीन खंडांतील इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्याकडे तानाजींबरोबर पाचशे नव्हे, एक हजार मावळे आहेत. वर चढल्यावर गाठ पडली तेव्हा आत आलेले मात्र तीनशेच, हा आकडा सभासदाशी जुळतो. आणि येथेच आपल्याला भेटतो तो प्रसिद्ध प्रसंग: सरदार पडल्यावर मावळे माघारी वळतात, सूर्याजी त्यांना अडवतो आणि परतीचे दोर तोडल्याचे सांगतो. सभासदाच्या बखरीत सूर्याजी लोकांना सावरतो, पण दोर तोडत नाही. म्हणजे दोराचा प्रसंग १८२६ पर्यंत नक्की प्रचारात आलेला होता, एवढे आपण लिहू शकतो. तो खोटा ठरला असे मात्र लिहू शकत नाही. सभासद थोडक्यात लिहिणारा लेखक होता. त्याने गाळले म्हणजे घडलेच नाही, असा अर्थ होत नाही. मौनाचा पुरावा जपून वापरावा लागतो.

सिंहाचेही तसेच आहे. सभासदाच्या बखरीत महाराज शोक करतात तो एक गड मिळाला आणि एक गड गेला, अशा अर्थाने. तेथे तानाजी हाच गड आहे. ग्रँट डफकडे सिंहाची गुहा मिळाली आणि सिंह मारला गेला, असे रूपक येते. पुढे हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीने ‘गड आला, पण सिंह गेला’ हे शीर्षक घेतले आणि ते मराठी घराघरांत पोहोचले. व्ही. शांताराम यांचा १९३३ चा ‘सिंहगड’ हा बोलपट त्याच कादंबरीवर बेतलेला. आज जो मजकूर फिरतो त्यात याच्यापुढे आणखी एक पायरी चढवलेली असते: महाराजांनी तानाजींच्या स्मरणार्थ कोंढाण्याचे नाव सिंहगड ठेवले.

हे विधान तपासायला एकच कागद पुरतो. एप्रिल १६६३ मधील शिवाजी महाराजांच्या पत्रात या किल्ल्याचा उल्लेख सिंहगड असाच आहे. तानाजी पडण्यापूर्वी जवळजवळ सात वर्षे. म्हणजे नाव आधीचे आणि सिंहाचे रूपक त्या नावावरून सुचलेले असण्याचीच शक्यता अधिक. अस्सल कागदाचा एक कपटाही बखरींच्या ढिगाला भारी पडतो, असे इतिहासाचार्य राजवाडे मानत आणि त्यासाठी दप्तरे शोधत गावोगाव पायपीट करीत. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते याच वृत्तीतून. सिंहगडाच्या नावाचा हा लहानसा वाद त्यांच्या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. राजवाड्यांचा बखरींवरचा राग कधी कधी अतिरेकी वाटतो, हेही सांगून टाकतो. बखर नसती तर तुटलेल्या ढालीची हकिगत आपल्याला मिळाली नसती.

आता साक्षीदार मोजण्याची गोष्ट. समजा तुम्ही दहा लेख वाचले, दोन चित्रपट पाहिले, एक कादंबरी वाचली आणि साऱ्यांत घोरपड आढळली. तेरा ठिकाणी आढळली म्हणून ती तेरा पटींनी खरी होत नाही. चित्रपट कादंबरीवरून आला, लेख चित्रपटावरून आले आणि सर्वांची गंगोत्री पोवाड्यात. साक्षीदार एकच, त्याचे प्रतिध्वनी बारा. वैद्यकीय संशोधनातही एकाच प्रयोगावरून लिहिलेले पाच लेख पाच प्रयोग म्हणून मोजले तर औषधाचा गुण उगाच फुगतो. म्हणून चांगला आढावा लिहिणारा प्रत्येक विधानाचा माग काढत मागे मागे जातो आणि जेथे माग थांबतो त्या ठिकाणाचे नाव लिहितो.

तारखेविषयी एक सूचना. माघ वद्य नवमीची इंग्रजी तारीख ४ फेब्रुवारी १६७० अशी देतात, ती जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे. इंग्लंडने नवे पंचांग १७५२ साली स्वीकारले, म्हणून शिवकालाच्या तारखा ज्युलियन पद्धतीने देण्याचा प्रघात पडला. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १४ फेब्रुवारीचा येतो. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या की ‘इतिहासकारांत मतभेद’ असे लिहून मोकळे होऊ नका. आधी पंचांग पाहा. तिथीतून आणखी एक गोष्ट निघते. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. ‘काळ्याकुट्ट अमावास्येच्या रात्री’ असे ज्या लेखात वाचाल, त्या लेखकाने तिथीसुद्धा पाहिलेली नाही, हे ओळखा.

मग उमरठ आणि कापड्याच्या परिसरात जी स्मृती तोंडी चालत आली, तिचे काय? तानाजींचा देह मढे घाटातून कोकणात उतरवला, म्हणून त्या घाटाला ते नाव पडले, असे येथे सांगतात. राजगडाच्या बाजूने महाडकडे उतरण्यास हा घाट सोयीचा आहे, हे खरे. पण सोयीचा असणे आणि त्या दिवशी वापरला जाणे या दोन निराळ्या गोष्टी. आणि नावावरून रचलेली कथा कोणती व कथेवरून पडलेले नाव कोणते, हे केवळ शब्दावरून ठरत नाही. म्हणून आढाव्यात हे ‘स्थानिक परंपरा’ या सदरात, सांगणाऱ्याचे गाव आणि ऐकल्याचा दिवस नोंदवून लिहावे. हे कमीपणाचे सदर नाही. समाधी उमरठला आहे ही गोष्ट गावाने जपली. पोवाड्यातही उमरठचे नाव येते. परंपरा आणि पोवाडा येथे एकमेकांना दुजोरा देतात की एकमेकांपासून शिकतात, हा खरोखर अभ्यासण्याजोगा प्रश्न आहे आणि तो पुण्यात बसून सुटणार नाही.

लिहिताना होणारी सर्वांत मोठी चूक मांडणीची. सभासद असे म्हणतो, मग ग्रँट डफ तसे म्हणतो, मग आपटे आणखी काही म्हणतात, अशी पुस्तकांची यादी म्हणजे आढावा नव्हे. परिच्छेद मुद्द्यांभोवती बांधायचे: किती माणसे, चढाई कशी, सरदार पडल्यावर काय, नाव केव्हाचे. प्रत्येक मुद्द्यावर साक्षीदारांना समोरासमोर आणायचे. क्रियापदेही जपून वापरायची. ‘नोंदवतो’, ‘सांगतो’, ‘सुचवतो’, ‘सिद्ध करतो’ ही चार वेगवेगळी वजने आहेत. पोवाडा सिद्ध करत नाही, तो सांगतो.

आता नमुना. कापड्याच्या एखाद्या विद्यार्थिनीने शालेय प्रकल्पासाठी असा आढावा लिहिला, तर तो साधारण असा होईल:

‘कोंढाणा शके १५९१ च्या माघ वद्य नवमीस घेतला गेला, ही तिथी जेधे शकावलीवरून मिळते. प्रसंगाचा सर्वांत जुना सविस्तर वृत्तांत सभासद बखरीत, घटनेनंतर सुमारे पाव शतकाने लिहिलेला आहे. मावळ्यांच्या संख्येविषयी साधने जुळत नाहीत. सभासद पाचशे, तर ग्रँट डफ एक हजार सांगतो. कड्यावर चढलेले तीनशे, हा आकडा दोघांतही आहे. चढाई माणसांनी कडा चढून व दोराची शिडी लावून झाली, असे सभासद सांगतो. घोरपडीचा उल्लेख पोवाड्याच्या परंपरेतील असून सभासदात तो आढळत नाही. दोर तोडल्याचा प्रसंगही सभासदात नाही, तो ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथात आढळतो. उदेभानाचा शेवट सभासदाच्या मते तानाजींच्या हातून, तर लोकप्रिय कथेत शेलारमामांच्या हातून झाला. सिंहगड हे नाव १६६३ च्या पत्रात असल्याने ते तानाजींच्या मृत्यूनंतर दिले गेले, हे मत टिकत नाही. उमरठ व मढे घाट परिसरातील मौखिक परंपरेचा या साधनांशी ताडून केलेला अभ्यास या प्रकल्पात करावयाचा आहे.’

सव्वाशे-दीडशे शब्द झाले. यातील प्रत्येक वाक्याला आधार आहे आणि शेवटच्या वाक्यात पुढचे काम आहे. शौर्याचे एकही विशेषण नाही, तरी तानाजी कोठे उणे झाले, असे मला वाटत नाही. डाव्या हाताची ढाल करणारा माणूस विशेषणांवाचूनही उभा राहतो.

एक गोष्ट मात्र घाईची आहे. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले, तळिये गाव दरडीखाली गेले आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. माणसे गेली. त्यांच्याबरोबर त्यांनी ऐकलेल्या गोष्टीही गेल्या. जेधे शकावली आपल्यापर्यंत पोहोचली ती कारीच्या एका घराने रुमालात बांधून ठेवली म्हणून. कापडे, उमरठ, साखर या पट्ट्यातील तुमच्यापैकी कोणाच्या घरी मोडी लिपीतले जुने कागद असतील, तर ते या पावसाळ्यापूर्वी सरळ प्रकाशात, मोबाइलने का होईना, पानोपान टिपून ठेवा. कागदाच्या चारही कडा चित्रात येऊ द्या, मागची बाजू कोरी वाटली तरी तिचेही चित्र घ्या आणि कागद कोणाच्या घरी, कोणत्या दिवशी पाहिला हे सोबत लिहून ठेवा. आजी-आजोबांकडून मढे घाटाची गोष्ट ऐकाल तेव्हा ती त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करा. आणि त्यांना एक प्रश्न अवश्य विचारा: ही गोष्ट तुम्ही प्रथम कोणाकडून ऐकलीत, आणि तेव्हा चित्रपट पाहिला होता का?